अकरा वस्त्या, खालून वर

आमच्या साखर कारखान्यात चपला बाहेर काढून आत जावं अशा जागा दोनच होत्या. एक गेटाजवळचं मारुतीचं देऊळ आणि दुसरी माझी खोली. देवळात निदान प्रसाद मिळायचा. माझ्या खोलीत फक्त गार हवा होती, कारण अख्ख्या कारखान्यातला एकमेव एसी तिथं बसवलेला होता, आणि तोही माझ्यासाठी नाही, मशिनसाठी. उन्हाळ्यात निम्मं संचालक मंडळ "कांप्युटरचं काम कसं चाललंय बघतो जरा" म्हणून यायचं आणि पाच मिनिटांत खुर्चीत मान टाकून घोरायला लागायचं. ऊस नोंदणीचे माझे बरेचसे प्रोग्रॅम मी त्या घोरण्याच्या तालावर लिहिले आहेत.

मी मूळचा घाटनांदूरचा. बीएस्सी झालो, औरंगाबादला वर्षभर संगणकाचा कोर्स केला आणि बीड जिल्ह्यातल्या या सहकारी कारखान्याला जो चिकटलो तो निवृत्त होईपर्यंत. हुद्दा प्रोग्रॅमर. हाताखाली कोणी नाही आणि डोक्यावर सगळे. लोक मला 'कांप्युटरवाले' म्हणत आणि मशिनला काहीही विचारत. तलवाड्याकडचा एक शेतकरी हरवलेल्या बैलाचा फोटो घेऊन आला होता. "हे यात घाला अन् कुठं हाय ते बघा," म्हणाला. जमणार नाही म्हटल्यावर त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की जणू बैल मीच लपवलाय. खंडेनवमीला मशिनची पूजा व्हायची. एका वर्षी एका उत्साही संचालकानं फ्लॉपी घालायच्या फटीत साखर-खोबरं सारलं. मशिन आठ दिवस बंद पडलं आणि हे गृहस्थ गावभर सांगत फिरले की नैवेद्य पोचला.

आता हा धंदा काय असतो ते बाहेरच्यांसाठी सांगतो. संगणक हा एक अतिशय आज्ञाधारक आणि तितकाच मठ्ठ गडी आहे. सांगाल तेवढंच करतो, आणि सांगाल ते सगळं करतो. यातला दुसरा भाग जास्त धोक्याचा. प्रोग्रॅमर म्हणजे या गड्याला काम सांगणारा माणूस. काम कुठून सुरू कर हे सगळेच सांगतात. थांब कुठं, हे सांगायला मात्र भले भले विसरतात, आणि त्या भल्याभल्यांत मी आहे.

माझी सून पुण्यात याच धंद्यात आहे. परवा मी तिला विचारलं, "यादी उलटी करायची तर तुम्ही काय करता गं?" ती म्हणाली, "पप्पा, रिव्हर्स म्हणून एक शब्द टाकायचा. झालं." मी म्हटलं, "आमच्या वेळी त्या एका शब्दाला चार दिवस लागले होते आणि अर्धं गाव माझ्यावर उठलं होतं." ती हसली. सासरे वाढवून सांगतायत असं तिला वाटलं असणार, म्हणून ते चार दिवस इथं लिहून ठेवतो.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. ऊस नाही म्हणून गाळप नाही. कामगार सकाळी येऊन हजेरीवर सही करत आणि लिंबाखाली बसून आभाळाला नावं ठेवत. कारखान्याच्या मालकीची तलावाच्या पोटात एक विहीर होती, तिला तेवढं पाणी टिकून होतं. चेअरमनसाहेबांनी ठरवलं की आजूबाजूच्या अकरा वस्त्यांना रोज एक टँकर कारखान्यातर्फे द्यायचा. टँकर मात्र एकच शिल्लक होता, मळी वाहायचा. मळी म्हणजे साखर काढून झाल्यावर उरतो तो काळा चिकट पाक. तो टँकर सात वेळा धुतला, तरी पहिले आठ दिवस पाणी गोडसर लागायचं आणि घरोघरच्या रांजणांना मुंग्यांच्या रांगा लागायच्या. एका वस्तीवरून निरोप आला, "चहापुरता ठीक हाय, पर आंघोळ केल्यावर माशा बसतेत."

कारखान्याभोवती गोल रस्ता होता आणि अकरा वस्त्या त्या रस्त्यावर ओळीनं होत्या. गेटातून बाहेर पडलं की टँकर डावीकडं वळायचा. पहिला थांबा चेअरमनसाहेबांचा मळा. मग एकेक वस्ती करत, गोल फिरून, अकरावा आणि शेवटचा थांबा भीमनगर. हे भीमनगर गेटाच्या उजव्या हाताला हाकेच्या अंतरावर होतं. म्हणजे टँकर त्यांच्या डोळ्यांदेखत काठोकाठ भरून निघायचा, सगळ्या शिवाराला वळसा घालायचा आणि दुपारी दोनला तळाचा गाळ घेऊन त्यांच्याकडं पोचायचा. मधे कोणी किती भरावं याला धरबंध नव्हता. ज्याला जेवढं हवं तेवढं तो भरून घ्यायचा, आणि शेवटच्याला उरेल ते.

या फेरीची यादी रोज सकाळी माझ्या प्रिंटरवर निघायची. दोन्ही कडांना भोकं असलेला तो लांब कागद, त्यावर एक ते अकरा आकडे आणि पुढं वस्त्यांची नावं. गफूरभाई ड्रायव्हर ती यादी टँकरच्या काचेला आतून चिकटवायचे. हातानं लिहिलेल्या यादीवर लोक भांडत. छापील यादीवर कोणी भांडत नसे. मशिननं काढलंय म्हटल्यावर माणसं गप्प बसत, आणि खरं सांगतो, मला त्याचा अभिमान वाटायचा.

माझी खोली झाडायला कौशल्याताई यायच्या. भीमनगरच्या. सकाळी रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायची आणि दुपारी तीनला आमच्याकडं झाडू मारायचा, असा त्यांचा दिवस होता. पहिल्याच दिवशी दाराशी चपला काढताना त्या हळूच "जय भीम भाऊ" म्हणाल्या होत्या आणि मीही तितक्याच हळू "जय भीम ताई" म्हणालो होतो. त्यानंतर आम्ही फारसं बोलायचो नाही. एक दिवस झाडता झाडता त्या प्रिंटरपाशी थांबल्या.

"भाऊ, ही टँकरची यादी तुमीच काढता ना?"

"मशिन काढतं. मी सांगतो."

"मग त्याला सांगा की, एक दिस वरून खाली काढ अन् एक दिस खालून वर. आमच्या हंड्यात रोज गाळ येतोय. परवा तर टँकर आला अन् नुसती हवा सोडून गेला."

इतके दिवस ती यादी मीच छापत होतो आणि अकरा नंबरपुढं कोणाचं नाव आहे हे रोज बघत होतो. माझी आई घाटनांदूरला विहिरीपासून लांब उभी राहायची, कोणी वरून ओतलं तर पाणी घ्यायची. ती म्हणायची, आपला नंबर आपण पोचल्यावर लागत नाही, बाकीचे निघून गेल्यावर लागतो. मी शिकलो, एसीत बसलो, आणि छापील अक्षरात तोच नंबर रोज काढून देत होतो. लाज वाटली मला, खरंच.

त्याच दिवशी चेअरमनसाहेबांकडं गेलो. एक दिवस सरळ यादी, एक दिवस उलटी, असा प्रोग्रॅम करतो म्हटलं. मला वाटलं होतं ते चिडतील, कारण उलट्या दिवशी त्यांचाच मळा शेवटी जाणार होता. पण त्यांच्या मळ्यात बोअर होतं आणि निवडणूक जवळ आली होती.

"करा," ते म्हणाले. "माणसानं यादी फिरवली तर लोक राजकारण म्हणतेत. मशिननं फिरवली तर प्रगती म्हणतेत."

प्रगतीला ठराव लागतो. संचालक मंडळाची बैठक बसली आणि यादी उलटी कशी होते ते समजावून सांगायला मला बोलावलं. मी म्हटलं, समजा पहिल्या जागेवर मळा आहे आणि अकराव्या जागेवर भीमनगर. यांची अदलाबदल करायची. पण मशिनमधे एका जागेवर एकच नाव मावतं. सरळ भीमनगर पहिल्या जागेवर टाकलं तर मळा पुसला जाईल. म्हणून तिसरी एक रिकामी जागा लागते. कोणाच्या डोक्यात काही शिरेना, तेव्हा मी टेबलावरचा चेअरमनसाहेबांचा चहाचा ग्लास घेतला आणि रावसाहेब नावाच्या एका जाड्या संचालकांचा ताकाचा. "चहाच्या ग्लासात ताक जायला पाहिजे आणि ताकाच्या ग्लासात चहा. कसं कराल?" असं विचारून मी तिसरा रिकामा ग्लास मागवला. चहा रिकाम्या ग्लासात ओतला, ताक चहाच्या ग्लासात, आणि चहा ताकाच्या ग्लासात.

सगळे वाकून बघत होते. ताकाच्या ग्लासाला तळाशी ताक लागलेलं होतं, त्यामुळं चहा फाटला.

"यादी नासणार तर न्हाई ना अशी?" चेअरमनसाहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. मशिनमधे ग्लास धुतलेले असतात."

रावसाहेब बराच वेळ त्या फाटलेल्या चहाकडं बघत होते. ते चौथी पास होते, पण त्या दिवशी मंडळात अकलेचा प्रश्न फक्त त्यांनीच विचारला. "अकरा नावं हायत. टाईपरायटरवर खालून वर बडवली तर पाच मिन्टं लागतेत. त्याला प्रोग्रॅम कावून पायजे?"

मी हसलो. हे हसू मला अजून टोचतं. "रावसाहेब," मी म्हणालो, "आज अकरा आहेत, उद्या अकराशे होतील. प्रोग्रॅम एकदा लिहायचा असतो आणि जन्मभर वापरायचा असतो." चेअरमनसाहेबांना ते वाक्य आवडलं आणि ठराव मंजूर झाला. टाईपरायटरवर पाच मिनिटांत होणारं काम मी शास्त्रशुद्ध करायला घेतलं. माझ्या त्या हौसेची किंमत भीमनगरनं मोजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली उलटी यादी निघायची होती. कौशल्याताईंनी आदल्या संध्याकाळी घरोघर सांगितलं होतं की उद्या आपला पहिला नंबर. भीमनगरच्या बाया कामावर खाडा करून, हंडे-कळश्या घेऊन गेटापाशी हजर होत्या. चेअरमनसाहेबांनी माईक आणि नारळ मागवला होता. वीज जायच्या आत कागद काढायची घाई होती. प्रिंटर करकरत थांबला तोच शिपायानं कागद टरकन फाडून पळवला. मी एकदाही नजर टाकली नाही. कशाला टाकू? प्रोग्रॅम माझा होता.

नारळ फुटला. चेअरमनसाहेबांनी चष्मा लावला आणि माईकवर वाचायला सुरुवात केली.

"आधुनिक विज्ञानाच्या साह्यानं काढलेली उलटी यादी. क्रमांक एक." इथं ते थांबले. चष्मा काढून पुसला आणि परत लावला. "क्रमांक एक, चेअरमनसाहेबांचा मळा."

कोणी हसलं नाही. मोठी माणसं वाचतात तेव्हा काहीतरी कारण असतं असा आपल्याकडं समज आहे. ते दोन, तीन, चार वाचत गेले. सगळं रोजच्यासारखं. शेवटी "क्रमांक अकरा, भीमनगर" म्हणाले, तेव्हा एका कामगारानं सवयीनं टाळ्या वाजवल्या आणि मग जो हशा पिकला तो मी जन्मात विसरणार नाही. गफूरभाईंनी कागद काचेला लावला आणि रोजच्यासारखा टँकर डावीकडं काढला.

बाया रिकामे हंडे घेऊन परत फिरल्या. कौशल्याताई माझ्यासमोरून गेल्या आणि चालता चालताच म्हणाल्या, "मशिनला पण माणसं वळखू येतेत म्हणायची."

मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं. चूक कुठं आहे ते दिसेना. पाटीवर गणित सोडवावं तसा मी शेवटी जमिनीवर बसलो. वस्त्यांच्या नावाच्या अकरा चिठ्ठ्या केल्या, ओळीनं मांडल्या आणि मशिन जे करतं तेच हातानं करायला लागलो. पहिली आणि अकरावी बदल. दुसरी आणि दहावी बदल. तिसरी आणि नववी. दोनतीनदा केलं. दर वेळी ओळ परत पहिल्यासारखी. मला वेड लागायची पाळी आली. तीन वाजले तेव्हा कौशल्याताई झाडायला आल्या. माझ्याशी न बोलता त्यांनी एका कोपऱ्यापासून सुरुवात केली आणि माझ्या चिठ्ठ्यांपाशी येऊन थांबल्या, कारण मी उठल्याशिवाय त्यांना पुढं झाडता येईना. मी परत पहिल्यापासून सुरू केलं. चौथी आणि आठवी. पाचवी आणि सातवी. मधली सहावी जिथल्या तिथं. मग मी सातवीला हात घातला आणि पाचवीशी बदलली.

"आता कावून?" त्या म्हणाल्या.

"काय कावून?"

"झालं होतं की उलटं. भीमनगर वर गेलं होतं, मळा खाली आला होता. झालेलं परत कावून मोडताव?"

मी चिठ्ठ्यांकडं बघत राहिलो. पाच अदलाबदली झाल्या की यादी उलटी झालेली असते, तिथं थांबायचं. मी मशिनला अकराही जागांवरून जायला सांगितलं होतं. बिचाऱ्यानं अर्ध्या वाटेपर्यंत यादी उलटी केली आणि उरलेल्या अर्ध्यात तीच इमानेइतबारे सरळ करून ठेवली. एवढी मेहनत करून जिथल्या तिथं येणं हे आमच्या सहकारात नवीन नव्हतं, पण ते मी स्वतः लिहून दिलं होतं.

"ताई, तुम्ही मोठं काम केलंत," मी म्हणालो. "उद्या नक्की पहिला नंबर. वस्तीवर सांगून ठेवा."

त्यांनी झाडू उचलला. "मी न्हाई सांगणार भाऊ. काल घरोघर सांगितलं अन् आज समद्यांचा खाडा झाला. लोक हसले मला. टँकर यायचा तवा येईल."

दुसऱ्या दिवशीची यादी मी चार वेळा वाचली. बरोबर होती. एक भीमनगर, अकरा मळा. गफूरभाईंना दाखवली, टँकर उजवीकडं गेला, आणि मी निश्चिंत मनानं चहा प्यायलो. दुपारी गफूरभाई परत आले.

"काय गफूरभाई, भीमनगरला पाणी पोचलं ना?"

"टँकर पोचा साहब. आदमीच नव्हते. दहा मिनट हॉर्न वाजवला. समदे कामावर गेलते. एक बुढ्ढी आली, एक हंडा भरला, गेली."

"मग थांबायचं नाही का?"

"कागज पे थांबा लिवलं होतं का? मेरे को दस ठिकाने और होते."

भीमनगरनं घेतलं नाही म्हणून पुढं सगळ्यांना मुबलक मिळालं. शेवटी मळ्यावर इतकं पाणी उरलं की त्यांनी म्हशी धुतल्या. ज्यांच्यासाठी यादी उलटी केली त्यांच्या वाट्याला एक हंडा आला, आणि तो घेणारी ती म्हातारी कौशल्याताईंची सासू, सोजरबाई, होती. डोळ्यांना कमी दिसायचं म्हणून तिला कामावर घेत नसत, म्हणून ती घरी होती.

याच दिवशी नामदेवअण्णा उगवले. सहाव्या वस्तीचे हे कर्ते गृहस्थ. यांची हकिकत पुढं बरीच चालली, पण ती इथंच उरकून टाकतो. त्यांची तक्रार अशी की यादी सरळ असो की उलटी, त्यांच्या वस्तीचा नंबर सहाच येतो. मी म्हटलं, अण्णा, अकरातला सहावा म्हणजे बरोबर मधला. ओळ कशीही फिरवली तरी मधला मधेच राहतो.

"समदे हालले, मीच कावून न्हाई हाललो? तुमचं मशिन माझ्या वस्तीपाशी अडकतंय बे."

"अडकत नाही अण्णा, गणित आहे ते. तुम्हाला कधी गाळ येतो का? नाही ना? मग?"

"गाळ न्हाई येत, पर पहिला नंबर पण कधी यायचा न्हाई. भीमनगर पहिलं येऊ शकतं, मी न्हाई?"

त्यांचं खरं दुखणं या शेवटच्या वाक्यात होतं. मला ते झोंबलं, पण मी धंद्याला धरून वागायचं ठरवलं. पुढं महिनाभर त्यांनी अर्जावर अर्ज केले तेव्हा मी यादीत बारावी एक रिकामी जागा घातली. बारा झाले की मधला कोणी उरत नाही. अण्णा एक दिवस सहावे, एक दिवस सातवे यायला लागले. सहावे आले त्या दिवशी ते काही बोलले नाहीत. सातवे आले त्या दिवशी काठी घेऊन माझ्या दारात उभे राहिले. "पहिलंच बरं होतं," म्हणाले. मी रिकामी जागा काढून टाकली आणि त्यांनी मला त्यांच्या शेतातली चिंच आणून दिली. असं समाधानी गिऱ्हाईक मला नंतर कधी भेटलं नाही.

तर तिसरा दिवस. त्या दिवशी सरळ यादीची पाळी होती. ठराव तसा होता, एक दिवस सरळ, एक दिवस उलटी. मी चेअरमनसाहेबांना म्हटलं, आजही उलटीच ठेवू. ते म्हणाले, "मग लोक म्हणतील तुमी मशिनमधी हात घातला." त्यामुळं टँकर डावीकडं गेला आणि दोन वाजता भीमनगरला गाळ पोचला. तीन दिवसांत अख्ख्या वस्तीला एक हंडा स्वच्छ पाणी मिळालं होतं आणि हे सगळं माझ्या हुशारीमुळं झालं होतं. रावसाहेबांचं ऐकून पाच मिनिटं टाईपरायटर बडवला असता तर पहिल्याच दिवशी त्यांचे हंडे भरले असते, लोक मुळात गेटावर हजर होतेच. याबद्दल मी आजही स्वतःला माफ केलेलं नाही.

कौशल्याताई दुपारी आल्या तेव्हा मी उभा राहिलो.

"ताई, उद्या परत उलटी आहे. मी स्वतः टँकरमधे बसून येतो."

"तुमी? टँकरमधी?"

"हो. गफूरभाईंच्या शेजारी."

त्यांनी माझ्या इस्त्रीच्या कपड्यांकडं पाहिलं. "मग येतील लोक," त्या म्हणाल्या. "पाण्याला न्हाई, तर तुमाला बघायला येतील."

चौथ्या दिवशी सकाळी साडेसातला मी टँकरच्या केबिनमधे चढलो. गफूरभाईंनी काचेवरची यादी वाचली, "एक नंबर, भीमनगर" असं मोठ्यानं म्हटलं आणि गेटाबाहेर पडताच सवयीनं डावीकडं वळवलं.

"गफूरभाई, उजवीकडं."

"हाथ को आदत पड गई साहब." त्यांनी तो भरलेला टँकर रस्त्यात आडवा घालून, मागंपुढं करत, शिव्या घालत फिरवला. पाणी डुचमळून वरच्या झाकणातून सांडलं. ते बघून मला वाटलं, आता हेच कमी होतं.

भीमनगरच्या तोंडाशी सगळी वस्ती उभी होती. कामावर कोणी गेलं नव्हतं. कौशल्याताईंनी या वेळी सांगितलं होतं तर. टँकर थांबायच्या आतच बाया धावल्या. पाईप सुटला आणि जी झोंबाझोंबी सुरू झाली ती विचारू नका. हंड्यावर हंडे आदळत होते, कोणाचा पदर कोणाच्या कळशीत, एकीचा कोपर दुसरीच्या बरगडीत. पाणी गोडसर नव्हतं, गढूळ नव्हतं, पाईपातून मनगटाएवढ्या धारेनं येत होतं, आणि तरी त्या तळाचं पाणी संपत आल्यावर धडपडावं तशा धडपडत होत्या. मी ओरडून सांगत होतो की टँकर भरलेला आहे, सगळ्यांना पुरेल. माझ्याकडं कोण बघतं?

सोजरबाई बाजूला दगडावर बसली होती. तिनं मला हातानं जवळ बोलावलं.

"तूच का तो मशिनवाला?"

"हो आजी."

"आमच्या आधी कोण कोण भरून गेलं?"

"कोणीच नाही. पहिलं तुम्हीच."

"अन् मागं?"

"दहा वस्त्या आहेत मागं."

"मळा?"

"मळा सगळ्यांत शेवटी."

तिनं ते ऐकलं. मग काठी टेकून उठली, पाईपापाशी गेली आणि पुढच्या बाईच्या हंड्यावर काठी वाजवली.

"ए पोरींनो, ढकलाढकली कावून करताव? सावकाश भरा. आज आपल्या मागं लोक हायत."